अजून एक हंगाम

निंबखेडे, ता. चोपडा
४ जुलै १९९३

झुलालभाऊ,

तुम्हाला पत्र लिहिण्याचा हक्क आमच्या घराला उरलेला नाही, तरी लिहिते. पत्ता धुरपदाबाईने दिला. तिचा भाऊ देवपुरात राहतो आणि तुमच्याच गिरणीवर दळण आणतो म्हणे.

तुमचे नाना जाऊन दीड वर्ष होत आलं. हृदय थांबलं, दहा मिनिटांत सगळं झालं, हे तुम्हाला कळलं असेलच. त्यांची पुस्तकांची पेटी मी या उन्हाळ्यात उघडली. मास्तरांची बायको असून मी चौथी पास. ते होते तोवर पेपर आणि पोथी सोडून काही वाचलं नाही. आता रोज दुपारी दोन तास वाचते. घरात आवाज नसतो म्हणून. दुसरं कारण नाही.

पेटीत एक दोनशेपानी वही निघाली. तिच्यात तुमचं नाव आहे.

कशाबद्दल लिहिते ते साफ असावं म्हणून सांगते, तुम्ही विसरला असाल म्हणून नाही. एकोणनव्वद साली गावात कृषी सेवा केंद्र तुमचं एकट्याचं होतं. त्या साली फवारणी करूनही कपाशीवरची बोंडअळी मरेना. तुमचंच गिऱ्हाईक उखर्डू म्हणाला, झुलालने औषधात पाणी घातलं. दसऱ्याआधी महादेवाच्या ओट्यावर गाव बसलं. तुम्हाला बेलभंडार उचलून शपथ घ्यायला सांगितलं आणि तुम्ही तो उचलला नाही. महिनाभरात दुकान बंद करून तुम्ही धुळ्याला गेलात.

वहीत नानांनी अळ्यांचा हिशेब ठेवला आहे. पन्नास अळ्या आपल्या गावच्या, पन्नास सातपुड्यातल्या पाड्यावरच्या. तिथे पावरा लोक तूर लावतात, तिच्यावरही हीच अळी असते, आणि ते तुरीला कधी औषध मारत नाहीत. दोन्हींना एकाच सीलबंद बाटलीतलं औषध, एकाच मापाने. पाड्यावरच्या सत्तेचाळीस मेल्या. गावच्या एकतीस.

म्हणजे औषध बरोबर होतं. अळी बदलली होती.

हे तुम्हाला कळावं एवढ्यासाठी पत्र.

प्रमिला


धुळे
१९ जुलै १९९३

प्रमिलावहिनी,

पत्र मिळालं. पाकिटावर निंबखेड्याचा शिक्का बघून आधी फेकूनच देणार होतो. पुष्पा म्हणाली, बाबा, वाचा तरी.

नाना गेल्याचं कळलं होतं. आलो नाही. येणार नव्हतो, म्हणून कारण शोधलं नाही. मी त्यांच्या सख्ख्या मामाचा मुलगा, त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिलेला. त्या दिवशी ओट्यावर सगळे ओरडत होते त्याचं मला काही वाटलं नाही. ओरडतातच. पण नाना उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "ज्याला शपथ घेता येत नाही, त्याने उत्तर दिलंच आहे." त्यानंतर कुणी ओरडलं नाही. गरजच राहिली नाही.

अळी बदलली म्हणता. चांगलं आहे. मी आता गिरणी चालवतो. गव्हाला अळी लागली तरी लोक मला विचारत नाहीत.

एक विचारतो. वहीतल्या त्या मोजणीवर तारीख कोणती आहे?

आणि तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. पुष्पासाठी चोपड्याचं स्थळ आलं होतं. जीवराम पाटलांचा मुलगा, पाटबंधारे खात्यात आहे. मुलगी पसंत पडली. मग त्यांनी निंबखेड्यात चौकशी केली. तेव्हापासून निरोप नाही. नाहीही म्हणत नाहीत.

झुलाल


निंबखेडे
८ ऑगस्ट १९९३

झुलालभाऊ,

पुष्पाचं वाचलं. चौकशी कुणाकडे केली हे मी काढलं. उखर्डूकडे. तो म्हणाला, माणूस वाईट नाही, औषधात पाणी घालतो. अजून "घालतो"च म्हणतो. तुम्ही गेल्यावर गावात चार दुकानदार झाले. अळी कुणाच्याच औषधाने मरत नाही. लोक पंपाला दोन टोपणांऐवजी पाच टोपणं टाकतात. उखर्डूचं मत असं की चौघेही पाणी घालतात, सगळेच चोर. "बठ्ठा चोर शेतस, पण सुरुवात झुलालनी कयी."

मी त्याला वही दाखवायला गेले. त्याने आकडे नीट पाहिले, त्याला वाचता येतं. मग म्हणाला, "मास्तरीनबाई, अळी काय शाळामा जास का, शिकाले?" वावरात निंदणाऱ्या बायाही हसल्या. मी पण थोडी हसले, कारण प्रश्न चुकीचा नव्हता. मलाही आधी तसंच वाटलं होतं की औषध पचवायला अळी शिकली.

तसं नाही. पुस्तकात चार वेळा वाचलं तेव्हा समजलं. कुठलीच अळी शिकत नाही. हजार अळ्यांत चार-दोन जन्मतःच काटक असतात. औषधाने बाकीच्या मरतात. जागा आणि बोंडं या काटकांना मोकळी मिळतात. पुढची पिलावळ त्यांचीच. म्हणजे दरवर्षी आपणच निवड करतो, जसं आपण बियाण्याला चांगलं कणीस बाजूला काढतो. फक्त इथे चांगलं कोण ते औषध ठरवतं.

ज्याने हे पहिल्यांदा सांगितलं त्या डार्विनवर विलायतेत फार गदारोळ झाला. भर सभेत एका धर्मगुरूने डार्विनची बाजू मांडणाऱ्या माणसाला विचारलं होतं की माकड तुमच्या आजोबांकडून की आजीकडून? आपल्याकडे तसं काही झालं नाही. नाना सांगायचे, शाळेत हा धडा आला की संस्थेचे अध्यक्ष मुद्दाम वर्गात येऊन बसायचे. मासा, कासव, डुक्कर असे अवतार बोटांवर मोजायचे, "हे आपल्याकडे आधीपासून आहे" म्हणायचे आणि चहाला जायचे. नाना म्हणत, भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणारा निदान ऐकतो.

पाऊस बरा आहे. कपाशी गुडघ्याला आली.

प्रमिला


धुळे
२ सप्टेंबर १९९३

वहिनी,

तुमचं पत्र पुष्पाने दोनदा वाचलं. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला कौतुक वाटलं. मला नाही वाटलं. तुम्ही मला विलायतेच्या सभेतलं सांगितलं. मी तारीख विचारली होती.

जीवराम पाटलांचा निरोप आला. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की काय ते सांगू म्हणतात. दुसरीकडे मुली बघणं चालू आहे, हेही कानावर आलं. पुष्पा मुलाशी एकदाच बोलली, आमच्यासमोर, दहा मिनिटं. त्याने तिला विचारलं म्हणे, की पुढे शिकायचं आहे का. तेवढ्यावर ती बसून आहे.

वहिनी, मी दुकानदार होतो. ज्या मालाबद्दल गिऱ्हाइकाने विचारावं आणि दुकानदाराने दुसरंच दाखवावं, तो माल कसा असतो ते मला माहीत आहे.

तारीख सांगा.

झुलाल


निंबखेडे
२० सप्टेंबर १९९३

झुलालभाऊ,

२६ नोव्हेंबर १९८९.

ओट्यावरच्या बैठकीनंतर सात आठवडे झाले होते. तुम्हाला धुळ्याला जाऊन पंधरा दिवस. म्हणजे तुमच्या नानांना तेव्हाच कळलं होतं, आणि त्यानंतर ते सव्वादोन वर्षं जगले.

पहिल्या पत्रात मी हे मुद्दाम लिहिलं नाही. तुम्ही विचारल्यावरही टाळलं. त्यांना जाऊन फार दिवस झाले नाहीत असं मला वाटत होतं. तेवढंच कारण.

आता सगळं लिहिते. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात देवळात नारळ फोडला नाही, वर्गात पोरांना सांगितलं की कोण कुणाची शपथ घेतो याने काही सिद्ध होत नाही, त्याने त्या दिवशी न उचललेल्या बेलभंडाराला पुरावा मानलं. घरी आल्यावर जेवले नाहीत. मला वाटलं तुमच्या वागण्याचं वाईट वाटलं. नंतर ते अळ्या गोळा करायला लागले. मला वाटलं, तुमच्यावरचा आरोप पक्का करायचा असेल. त्यांनाही तसंच वाटत असावं. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे: "भेसळ मोजून सिद्ध करणे."

निघालं उलटं. त्या तारखेच्या खाली एक ओळ आहे: "झुलालला सांगायला हवे. त्याआधी अजून एक हंगाम मोजून पाहू." नव्वद साली पुन्हा मोजलं. गावच्या चोवीस मेल्या, पाड्यावरच्या शेहेचाळीस. खाली तीच ओळ. एक्याण्णव साली गावच्या एकोणीस. खाली फक्त "अजून एक हंगाम." तुमचं नाव नाही. नंतर हंगाम आला नाही.

डार्विननेही आपलं म्हणणं वीस वर्षं पेटीत ठेवलं होतं. मध्ये आठ वर्षं तो समुद्रातल्या खडकांना चिकटणाऱ्या शिंपल्यांसारख्या किड्यांची चिरफाड करत बसला. बायको देवभोळी होती, तिला दुखवायचं नव्हतं असं म्हणतात. अचानक मेलो तर हे छापून आण, असं त्याने तिला लिहूनही ठेवलं होतं. शेवटी दूरच्या बेटावरून एका अनोळखी माणसाचं पत्र आलं, त्यालाही तेच सुचलं होतं. तेव्हा कुठे हा बाहेर आला.

पुस्तकात लिहिलं आहे की त्याला पुरावे भक्कम करायचे होते. दुसऱ्या पुस्तकात आहे की तो घाबरला होता. मी एका माणसाबरोबर एकतीस वर्षं राहिले आहे. दोन्ही खरं असतं. मोजणी पक्की करायची हे खरं आणि मोजत राहिलं की सांगावं लागत नाही हेही खरं.

त्यांनी मला लिहून ठेवलेलं काही नाही. तरी मी करते. नोव्हेंबरात ओट्यावर सगळ्यांसमोर मोजणी करीन. जीवराम पाटलांनाही बोलावलं आहे.

प्रमिला


धुळे
११ ऑक्टोबर १९९३

वहिनी,

पत्र खिशात ठेवून दोन आठवडे गिरणीवर गेलो. पट्टा दोनदा तुटला.

रागावून काही लिहिणार होतो, पण तुम्ही तारीख लिहिलीत. ती लिहायला तुम्हाला किती जड गेलं असेल ते मला कळतं. म्हणून आता मीही लिहितो. हे माझ्या बायकोलाही माहीत नाही.

औषध तेव्हा मोठ्या डब्यात यायचं. लोक घरून बाटली आणायचे आणि सुटं मागायचे. त्या हंगामाचा शेवटचा डबा संपत आला तेव्हा तळाशी आणि कडेला औषध चिकटलेलं होतं. वाया जाऊ नये म्हणून मी वाटीभर पाणी घालून डबा विसळला आणि ते शेवटच्या गिऱ्हाइकाच्या बाटलीत ओतलं. त्यात औषधही होतं, पाणीही होतं. एकदाच. पुन्हा नाही, आधीही नाही. आई दुधाचं पातेलं विसळून ते पाणी चहात टाकायची, त्याच हाताने झालं.

बाटली उखर्डूची होती.

ओट्यावर मला म्हणायला सांगितलं की "थेंबभर पाणी घातलं नाही." बेल समोर, भंडार समोर. मी कसं म्हणणार? थेंब गेला होता. महादेवाच्या समोर मी वाटीचा थेंब करू शकलो नाही. आणि वाटीचं सांगितलं असतं तर लोकांनी तिची घागर केली असती. म्हणून गप्प बसलो.

ज्यांना देवाचं काही वाटत नाही ते बेलभंडार उचलून मोकळे होतात. मी तसा असतो तर आज निंबखेड्यातच असतो.

हे सांगितलं तर तुमची मोजणी वाया जाईल आणि पुष्पाचंही जमणार नाही. नाही सांगितलं तर मोजणी खोटी नाही, पण मग मी तुमच्या नानांसारखाच. पत्र तुमच्या हातात आहे. वाचायचं की जाळायचं ते तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही.

झुलाल


निंबखेडे
२८ नोव्हेंबर १९९३

झुलालभाऊ,

मोजणी झाली. झालं तसं लिहिते.

पाड्यावर मी आणि धुरपदाबाई जीपने गेलो. ती वाटभर म्हणत होती, "लोकं मोटारमा बसीसन देवले जातस, आम्हीन अळ्यास्ले चालनूत." दवाखान्यातून इंजेक्शनच्या शंभर रिकाम्या बाटल्या आणल्या, उकळून घेतल्या. प्रत्येक अळी वेगळ्या बाटलीत ठेवावी लागते, तोंडाला कापसाचा बोळा. एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. हे वहीत होतं म्हणून बरं, नाहीतर पहिल्याच दिवशी फसले असते.

गावच्या पन्नास अळ्या मी उखर्डूच्याच वावरातून त्याच्यासमोर वेचल्या. औषधाची सीलबंद बाटली तालुक्याहून त्यालाच आणायला लावली. सील त्याने फोडलं, माप त्याने केलं. पानं औषधात बुडवून, वाळवून बाटल्यांत टाकली. बाटल्या शाळेच्या कपाटात आणि किल्ली उखर्डूच्या करदोट्याला. दोन दिवस तो आंघोळही किल्लीसकट करत होता असं त्याची बायको सांगते.

तिसऱ्या दिवशी ओट्यावर गाव जमलं. जीवराम पाटील एका कडेला बसले होते, टोपी मांडीवर. उखर्डूनेच मोजलं. पाड्यावरच्या पंचेचाळीस मेलेल्या. गावच्या तेरा. बाकीच्या पान खात होत्या.

मग उखर्डू उठला. "म्हंजे मी चार सालपासून खोटं बोली ऱ्हायनू? या जागावर?" किल्ली त्याने बाटल्यांशेजारी ठेवली आणि चालायला लागला. त्याच्या मागे चार-सहा माणसं उठली. तेव्हा मला कळलं की आकडे त्याला पटले होते. पटले म्हणूनच तो निघाला होता.

मी तुमचं पत्र काढलं आणि वाचलं. डब्यापासून थेंबापर्यंत सगळं. तुमच्या आईच्या पातेल्यासकट.

उखर्डू देवळाच्या पायरीवर थांबला.

"एक वाटी?"

"एक वाटी."

"मन्हीच बाटली?"

"तुमचीच."

तो परत आला आणि आपल्या जागी बसला. मग मोठ्याने हसला. "मंग मी खोटं नही बोलनू! ऐकं का रे बठ्ठासनी? पानी व्हतं!"

जीवराम पाटील पहिल्यांदा बोलले. म्हणाले, म्हणजे पाणी घातलंच होतं.

मी उत्तर देणार होते. त्याआधी उखर्डूच त्यांच्यावर ओरडला, "अहो पाटील, पानी मना बाटलीमा व्हतं! बाकीसना बाटलीमा कोठे व्हतं? त्यासन्या अळ्या मरन्यात का? नही मरन्यात! मंग?" आणि समोरच्या बाटल्यांकडे हात करून त्याने पाटलांना सगळं समजावलं. काटक अळी, तिची पिलावळ, पाड्यावरची तूर, सगळं. मी त्याला जुलैपासून जे सांगत होते ते त्याने माझ्यापेक्षा बरं सांगितलं. फक्त "अळी शिकली" असं एकदा म्हणाला. मी दुरुस्त केलं नाही.

मग नानांचं सांगायचं होतं. वहीतली तारीख मी वाचली. त्यांना सात आठवड्यांत कळलं होतं आणि ते बोलले नाहीत, हे गावासमोर माझ्या तोंडाने सांगितलं. लोक खाली बघत होते. मला लाज वाटत असेल म्हणून असावं. मला तसं काही झालं नाही. पाणी प्यायले आणि बाटल्या गोळा केल्या.

प्रमिला


धुळे
१६ डिसेंबर १९९३

वहिनी,

काल दुपारच्या एस.टी.ने जीवराम पाटील आले. बरोबर उखर्डू. त्याला कुणी आणलं नव्हतं, तो आपणच आला. दारातून आत यायच्या आधी म्हणाला, "झुलालभाऊ, पानी पाजस का? वाटीभरच दे." माझी बायको आतून बाहेर आली आणि तिला काही कळेना. तिला मी नंतर सगळं सांगितलं.

सोयरीक जमली. साखरपुडा माघात. जीवराम पाटील म्हणाले, जो माणूस वाटीसाठी गाव सोडतो त्याच्या घरची मुलगी मला चालेल. पुष्पा चहा घेऊन आली ती ट्रे ठेवायचं विसरून तशीच उभी राहिली.

उखर्डू चोपड्यापासून धुळ्यापर्यंत एस.टी.त सगळ्यांना अळीची गोष्ट सांगत आला म्हणे. सुरुवात वाटीभर पाण्यापासून करतो. करू दे.

नानांचा राग मला अजून आहे. पूर्वीइतका नाही. तुम्हाला खोटं लिहीत नाही.

तुम्ही साखरपुड्याला यायचं आणि पुढे बसायचं. विधवा बाई म्हणून मागे बसाल तर मी येऊन उठवीन. आणि एक मागतो. ती वही मला मिळाली तर बरं. माझं नाव तिच्यात आहे.

झुलाल


निंबखेडे
२ जानेवारी १९९४

झुलालभाऊ,

साखरपुड्याला येते. पुढे बसते.

वही आत्ताच देत नाही. तिच्यात एक काम राहिलं होतं. एक्याण्णवच्या पानानंतरचं पान कोरं होतं. काल बसून त्यावर या वर्षीची मोजणी लिहिली. तारीख, पाड्याचं नाव, गावच्या तेरा, पाड्यावरच्या पंचेचाळीस. मोजणारा या जागी उखर्डूचं नाव लिहिलं. त्यांच्या अक्षराशेजारी माझं अक्षर बरं दिसत नाही. चौथीनंतर मी फारसं लिहिलेलंच नाही. पण आकडे बरोबर आहेत.

त्यांची जी ओळ दरवर्षी असायची त्या जागी "झुलालला सांगितले" असं लिहिलं. "अजून एक हंगाम" लिहिलं नाही.

शाई नीट वाळली की घेऊन येते.

प्रमिला